जंतच निघावा, ही सर्वांची इच्छा

नाव नसलेला आजार असणं ही पिंपळगाव बसवंतमध्ये फार मोठी गैरसोय आहे. शुगरवाल्याला लग्नात बिनसाखरेचा चहा वेगळा येतो. बीपीवाल्याच्या ताटातला पापड शेजारचा हक्काने उचलतो आणि वर "तुमच्याच भल्यासाठी" म्हणतो. गुडघे बदललेल्याला खुर्ची मिळते, आणि त्या खुर्चीत बसून ऑपरेशनची कथा पहिल्या टाक्यापासून सांगायचा परवानाही मिळतो. मला मात्र गेली काही वर्षं जे होत होतं त्याला नावच नव्हतं. पोटात गुरगुरतं, अंगाला खाज सुटते, जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला फळ्याला टेकून उभं राहावंसं वाटतं. एवढं सगळं ऐकून घेतल्यावर समोरचा विचारतो, "म्हणजे तसं काही नाही ना?"

आपल्याला 'तसं काही' का नाही, या विवंचनेत असतानाच रक्ताच्या रिपोर्टात इओसिनोफिल अकरा टक्के निघाले. नॉर्मल एक ते सहा. आकड्याशेजारी लॅबवाल्याने ठळक अक्षरात 'हाय' छापलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांना टक्के वाटले. स्वतः मर्यादेबाहेर टक्के मिळवण्याची ही पहिलीच वेळ. रिपोर्ट घडी न घालता घरी आणला.

डॉक्टर म्हणाले, "ही रक्तातली पांढरी पेशी आहे. मुख्यतः दोन गोष्टींनी वाढते, एक ॲलर्जी आणि दुसरं जंत. तुमच्याकडे कुणामुळे वाढलीय ते बघू. संडासची तपासणी करून घ्या. तीन नमुने, एक दिवसाआड."

"तीन कशाला? एकात दिसणार नाही का?"

"जंत रोज अंडी बाहेर पाठवेलच असं नाही."

यातला 'ॲलर्जी' हा शब्द दवाखान्यातच राहिला. घरापर्यंत फक्त 'जंत' पोचला. ॲलर्जी हा आमच्याकडे पुण्यातल्या एकुलत्या एका मुलांचा आजार मानतात. जंत मात्र घरचा. त्याच्याबद्दल प्रत्येकाला काही ना काही माहीत असतं, आणि माहीत नसलं तरी मत असतंच.

"मी म्हणतच होते," आई म्हणाली. कुठल्याही रोगाबद्दल आई हे आधीपासून म्हणतच असते. "लहानपणापासून हा झोपेत दात खातो. तोंडावर पांढरे डाग होते. चोरून गूळ खायचा. गूळ खाल्ला की जंत होणारच."

"दात तर ते जागेपणीही खातात," बायको म्हणाली.

गुळाने जंत होत नाहीत, जंताची अंडी मातीतून, न धुतलेल्या भाजीतून, घाणेरड्या नखांतून पोटात जातात, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. घरात सांगून पाहिलं. आईने माझी नखं बघायला मागितली.

संध्याकाळपर्यंत वावडिंगाचा काढा तयार झाला. दुसऱ्या दिवशी डिकेमाली आली. मग शेजारच्या काकूंनी कडू किराईत पाठवलं, ते रात्रभर भिजत घालून सकाळी अनशापोटी घ्यायचं. एरंडेलाची बाटली कपाटातून निघाली, तिच्यावरची तारीख कुणीच वाचू शकलं नाही. एवढं सगळं प्यायल्यावर पोटात जे झालं ते पाहून आई समाधानाने म्हणाली, "बघ, हलायला लागलेत."

बातमी सासुरवाडीला पोचायला चिंचखेड चौफुली ओलांडण्याइतकाच वेळ लागला. माझे सासरे तात्या द्राक्षवाले. चाळीस वर्षं थॉमसनच्या वेली सांभाळल्यामुळे जगातला कुठलाही सजीव त्यांना वेलीवरूनच कळतो. त्यांनी मला ओट्यावर उजेडात बसवलं, डोळ्याची खालची पापणी पानाची मागची बाजू बघावी तशी उलटी करून पाहिली आणि मान हलवली.

"डाऊनी नाही. भुरी नाही. हा मुळाचा विषय आहे."

"म्हणजे?"

"सूत्रकृमी. वरून वेल हिरवी दिसते, पण जोम नसतो. दुपारी मान टाकते. उपटून पाहिलं की मुळांना गाठी."

मला उपटून पाहायचा विचार त्यांच्या मनात येऊन गेला असावा, कारण त्यांनी मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हणा कृषी पदवीधर. तो म्हणाला, "दाजी, याला फवारणीने भागत नाही. आळवणीच करावी लागते."

"गोळी देणार आहेत बहुतेक. अल्बेंडाझोल."

"एकरी किती?"

"एक. चारशे मिलिग्रॅम. एकदाच."

"आणि पीएचआय?"

हे बाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं. औषध मारल्यावर किती दिवसांनी माल तोडायचा, त्या मुदतीला आमच्याकडे पीएचआय म्हणतात. २०१० साली लिहोसिनचा अंश निघाला म्हणून युरोपने आपली द्राक्षं अडवली, तेव्हापासून निर्यातवाल्या घरात ही मुदत तिथीवारापेक्षा काटेकोरपणे पाळतात. मी कुठं निर्यात व्हायचा नाही, एवढंच उत्तर मला सुचलं. तात्यांनी जाता जाता अंगणात झेंडू लावायला सांगितला. झेंडूने सूत्रकृमी कमी होतात, हे टोमॅटोच्या वावरात अगदी खरं आहे. बायकोने दोन ओळी लावल्याही. दसऱ्याला उपयोगी पडल्या.

आता नमुन्याविषयी. लॅबमधून पारदर्शक डबी मिळते, तिच्या झाकणाला आतून इवलासा चमचा असतो. ज्याने हा चमचा बसवला त्याला माणसाच्या स्वभावाची जाण होती, पण माणसाच्या नेमाची नव्हती. नमुना ताजा लागतो, तासा-दोन तासांत पोचवावा लागतो. आणि ज्या पोटाने वर्षानुवर्षं भलत्या वेळी, ऐन परिपाठात, ऐन राष्ट्रगीताच्या आधी मला धावायला लावलं, ते पोट त्या सकाळी डबी पाहून एकदम गंभीर झालं. बायको दाराबाहेरून विचारत होती, "झालं का?" आई विचारत होती, "काही दिसलं का?" अशा वातावरणात मोठमोठ्यांच्या हातून काही होत नाही.

शेवटी एकदाचं झालं. डबी कागदी पिशवीत, पिशवी शबनममध्ये, शबनम गाडीच्या हँडलला, आणि मी निफाड फाट्यावर कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत. बाजार समितीत माल न्यायची घाई असलेला प्रत्येक माणूस त्या सकाळी रस्त्यावर होता आणि त्यातला निम्मा माझा माजी विद्यार्थी होता.

"सर, कुठं?"

"लॅबला."

"नमुना का?" त्याने पिशवीकडे पाहिलं. आमच्या गावात नमुना म्हणजे मातीचा, पाण्याचा नाहीतर देठाचा. छाटणीनंतर देठ परीक्षण करायला निम्मं गाव पिशव्या घेऊन फिरत असतं.

"हो, नमुनाच."

"कोणत्या प्लॉटचा?"

"घरचाच आहे."

"सर, एकाच जागेचा घेऊ नका. चार कोपऱ्यांतून थोडं थोडं घ्यायचं, एकत्र कालवायचं, मग त्यातलं पावशेर द्यायचं. नाहीतर रिपोर्ट चुकतो."

मी त्याचे आभार मानले. शाळेत हा मुलगा विज्ञानात काठावर पास झाला होता, तो कुठंतरी लक्ष देत होता हे पाहून बरं वाटलं. तेवढ्यात त्याने मदतीसाठी पिशवी हातात घेतली, वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाला, "ओल चांगली दिसते."

लॅबमधल्या पोराने मात्र डबी उजेडाकडे धरून पाहिली आणि काही न बोलता वहीत लिहून घेतलं. या व्यवसायातल्या माणसांविषयी मला तेव्हापासून आदर आहे. या शास्त्राची सुरुवातही घरगुतीच. हॉलंडमधला लेवेनहूक हा कापडाचा व्यापारी. १६८१ साली त्याचं पोट बिघडलं, तर त्याने स्वतःचाच नमुना स्वतः घासलेल्या भिंगाखाली ठेवला आणि त्यात वळवळणारे बारके जीव पाहिले. आज ज्याला जिआर्डिया म्हणतात तो हाच असावा, असं मानतात. मी मोठ्या उत्साहाने हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्याच्या बायकोचं काय म्हणणं होतं, ते कुणी लिहून ठेवलंय का?"

दरम्यान कुणीतरी सुचवलं की सूतकृमी असतील तर ते नमुन्यात सापडत नाहीत. त्यांची मादी रात्री बाहेर येऊन अंडी घालते, म्हणून सकाळी उठल्याउठल्या, अंघोळीच्या आधी, त्या जागी पारदर्शक चिकटपट्टी लावायची आणि ती काचेवर चिकटवून भिंगाखाली बघायची. ही चाचणी खरी आहे, वैद्यकाच्या पुस्तकात आहे. मी शाळेतून सेलोटेप मागितला. स्टेशनरीच्या रजिस्टरात 'कशासाठी' असा रकाना असतो. शिपाईमामांनी माझ्या तोंडाकडे बघून त्यात 'शैक्षणिक' लिहिलं. पुढचं वर्णन मी टाळतो. सेलोटेपचं टोक सापडत नाही ही तक्रार ज्यांनी टेबलावर बसून केली आहे, त्यांना खरी अडचण माहीतच नाही.

याच सुमारास शाळेत जंतनाशक दिन आला. २०१५ साली सुरू झालेला हा कार्यक्रम आता देशभर होतो. एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये अल्बेंडाझोल देतात, दोन वर्षांच्या आतल्यांना अर्धी गोळी, बाकीच्यांना पूर्ण. आमच्यासमोर चावून खायला लावायची, तोंड उघडून दाखवायला सांगायचं, नाहीतर गोळ्या खिडकीखाली सापडतात. भाषण मीच करतो. गोलकृमीची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते म्हटल्यावर मुलं दरवर्षी खूश होतात. अंकुशकृमीची अळी अनवाणी पायातून शिरते, रक्तातून फुप्फुसात जाते, खोकल्यातून घशाशी येते आणि गिळली की आतड्यात मुक्काम करते, हे ऐकून मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, सरळ तोंडातून का जात नाही?" प्रवासाचा हा प्रश्न मलाही पडलेला आहे, मुंबई-आग्रा महामार्गावर राहून तो पडतोच.

वाटप झाल्यावर पाकिटात एक गोळी उरली. मी हेडसरांकडे पाहिलं.

"सर, एकोणीस वर्षांपर्यंतच आहे," ते म्हणाले. "तुमचं वय पुढे गेलंय. वागणं नसेल गेलं, पण यादीत वय बघतात."

रिपोर्ट यायला वेळ होता, म्हणून मी वाचन सुरू केलं. आजारी माणसाने वाचू नये, मास्तराने तर नयेच. वाचता वाचता मला गिमवी सापडली. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यातलं गाव. तिथल्या लोकांना लघवीतून रक्त जायचं. १९५२ साली गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी दाखवून दिलं की हा शिस्टोसोमा नावाच्या कृमीचा प्रताप आहे. आफ्रिकेत सर्रास आढळणारा, आणि हिंदुस्थानात नाहीच असं समजला जाणारा हा रोग कोकणातल्या एका खेड्यात नांदत होता. गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत तो वाढतो आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत जातो. मी धावत डॉक्टरांकडे गेलो.

"तुम्ही गिमवीला कधी गेला होतात?"

"गणपतीपुळ्याला गेलो होतो. सहल होती."

"तिथं समुद्र आहे. खारं पाणी. लघवीत रक्त?"

"नाही."

"मग?"

या 'मग'ला उत्तर नव्हतं. पण त्याहून मोठा खजिना पुढे होता. चंद्रपूर जिल्ह्यातला एक शेतकरी, गुरंढोरं सांभाळणारा, २००४ साली त्याला ताप येऊ लागला, जाऊ लागला, पुन्हा येऊ लागला; असं काही महिने. रक्त भिंगाखाली ठेवलं तर त्यात ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी पोहत होता. हा उंट, घोडे, गुरं यांचा किडा. गोमाशी चावून पसरतो, जनावरांच्या डॉक्टरांच्या भाषेत सर्रा रोग. ग्रिफिथ इव्हान्स या इंग्रजांच्या पशुवैद्याने १८८० साली तो घोड्याउंटांच्या रक्तात शोधला होता. माणसाच्या रक्तात तो टिकत नाही, कारण आपल्या रक्तात त्याला मारणारं एक प्रथिन असतं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी हा रुग्ण जगापुढे मांडला. पुढे तपासात कळलं की या शेतकऱ्याच्या रक्तात नेमकं तेच प्रथिन, अपोलिपोप्रोटीन एल-वन, नव्हतं. सुरामिन नावाचं जुनं औषध दिलं आणि माणूस बरा झाला. गावातल्या अठराशेवर लोकांचं रक्त तपासलं. किडा आणखी कुणाच्याही रक्तात दिसला नाही.

शोध घ्यावा तर असा, या विचाराने मी भारावून गेलो. तालुक्यात नाही, जिल्ह्यात नाही, साऱ्या जगात लिहिला जाणारा आजार! मी बायकोला म्हटलं, "माझ्यातही ते प्रथिन नसेल तर?"

"तुमच्यात बरंच काही नाही," ती म्हणाली. "आणि तुमच्याकडे गुरं कुठायत?"

"तात्यांकडे म्हैस आहे."

"तिला ताप आहे का?"

तात्यांना फोन लावला. म्हैस ठणठणीत होती. "तिचं काय विचारताय," तात्या म्हणाले, "ती तुमच्याइतकी दुपारी झोपतही नाही."

तिसऱ्या नमुन्याच्या दिवशी घरात आरोळी उठली. सापडला! पांढरट, लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. आईने चष्मा पुसून पाहिला आणि हात जोडले. मेव्हणा मोटरसायकलवरून येऊन फोटो काढून गेला. नातेवाइकांच्या ग्रुपवर तो फोटो गेला तेव्हा वर 'सुप्रभात' असं लिहिलेलं राहून गेलं होतं. मावशींनी अंगठा दाखवला, सिडकोतल्या भाच्याने लांबी विचारली. काडेपेटी रिकामी करून, कापूस घालून, पुरावा त्यात ठेवला आणि आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. मी, मेव्हणा आणि काडेपेटी.

डॉक्टरांनी पेटी उघडायच्या आधीच एक उसासा टाकला. मग मला कळलं की अंगात किडे आहेत अशी ठाम समजूत झालेले लोक पुरावा म्हणून असंच काहीतरी पेटीत घालून आणतात, आणि वैद्यकात या खुणेचं नावच काडेपेटीवरून पडलं आहे. चिमट्याने उचलून, पाण्यात धुऊन, भिंगातून पाहून त्यांनी विचारलं, "काल जेवणात काय होतं?"

"शेवग्याच्या शेंगांची आमटी."

"नीट चावत जा."

मेव्हण्याने ग्रुपवर काही कळवलं नाही. तिथं अजूनही आमचा जंत सहा इंचांचा आहे, आणि गेल्या महिन्यात भाच्याच्या लग्नात तो फूटभर झाल्याचं मी स्वतः ऐकलं.

रिपोर्ट आला. रंग पिवळसर तपकिरी, मऊसर, आव नाही, रक्त नाही. माझ्या कुठल्याही कामाचं इतकं बारकाईने वर्णन आजवर एकाही शिक्षणाधिकाऱ्याने केलेलं नाही. खाली लिहिलं होतं, अंडी नाहीत, सिस्ट नाहीत, वनस्पतीचे तंतू आढळले. सेलोटेपही कोरा निघाला. घरात शांतता पसरली. दहावीचा निकाल लागल्यावर काही घरांत पसरते ती मी ओळखतो. आई म्हणाली, "लॅब बदलून बघू या." काकूंनी किराईत परत नेलं नाही, पण चेहऱ्यावरून त्यांना ते वाया गेल्यासारखं वाटलं. शेजारी भेटायला आले. अभिनंदन करायचं की सांत्वन, हे न कळल्यामुळे नुसताच चहा पिऊन गेले.

डॉक्टरांनी मग तो पहिल्या दिवशी दवाखान्यात राहिलेला शब्द पुन्हा काढला. खाज कुठं सुटते, कधी सुटते, शाळेच्या मैदानाच्या कडेला काय उगवलंय, सायकल शेडच्या मागे काय माजलंय, असं विचारत गेले. गाजरगवत. पन्नासच्या दशकात पुण्यात दिसलं आणि तिथून देशभर गेलं. पांढऱ्या फुलांमुळे आमच्याकडे त्याला काँग्रेस गवत म्हणतात, आणि सरकारं कितीही बदलली तरी ते आपल्या जागेवर आहे. त्याच्या परागांनी कातडीला खाज सुटते, दमा उठतो, इओसिनोफिल वाढतात. श्रमदानात ते उपटायला मीच मुलांच्या पुढे असतो, हातमोजे न घालता. पोटाचं कारण त्याहून साधं निघालं: शाळेतला चहा, दुपारी तीनला जेवण आणि शनिवारची मिसळ. ॲलर्जीची गोळी दिली, हातमोजे सांगितले, जेवणाची वेळ लिहून दिली. जंताची गोळीही एक दिली, "घेऊन टाका, तुमच्यापेक्षा घरच्यांना बरं वाटेल."

घरच्यांना खरंच बरं वाटलं, कारण डॉक्टरांना विचारून घरातल्या सगळ्यांनीच ती घेतली. आईचं डोकं दुखायचं थांबलं. मेव्हण्याला भूक लागायला लागली. बायकोचा राग कमी झाल्याचं तीच सांगते. माझी खाज पंधरवड्यात गेली, पण तिचं श्रेय वावडिंगाला मिळालं.

तात्यांना मात्र गाजरगवत ऐकून आनंद झाला. मुळाचा विषय नव्हता याचं क्षणभर वाईट वाटलं, पण या रोगावर त्यांच्याकडे उपाय होता. "त्याला मेक्सिकन भुंगे सोडतात," ते म्हणाले. "पानं खाऊन फस्त करतात." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून त्यांनी मेव्हण्याला विचारलं, "जावईबापूंवर किती सोडावे लागतील रे?"

तुम्हालाही कधी डबी घेऊन पिंपळगावातून जायची वेळ आली, तर कांद्याचे ट्रॅक्टर रस्त्याला लागायच्या आत निघा. पिशवी अपारदर्शक घ्या. आणि कुणी प्लॉट विचारला तर गट नंबर सांगून मोकळे व्हा. आमच्याकडे त्याच्यापुढे कुणी चौकशी करत नाही.